सौदीचं विद्यापीठ ६७ वं, मुंबई विद्यापीठ ६६४ वं. मग बदलापूर-उल्हासनगरच्या विद्यार्थ्यांनी या रँकिंगचं करायचं काय?

जून महिना आला की मोबाइलवर दोन याद्या एकदमच फिरायला लागतात. एक असते पदवी प्रवेशाची मेरिट लिस्ट आणि दुसरी असते क्यूएसची जागतिक विद्यापीठ क्रमवारी. पहिल्या यादीत आपलं नाव शोधायचं, दुसऱ्या यादीत आपल्या विद्यापीठाचं.

जून २०२५ मध्ये क्यूएसची २०२६ ची यादी आली. त्यात मुंबई विद्यापीठ ६६४ व्या क्रमांकावर होतं. आदल्या वर्षी ते ७११ ते ७२० या गटात होतं, म्हणजे चढलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ५६६ वं होतं. आयआयटी दिल्ली १२३ आणि आयआयटी मुंबई १२९. आणि सौदी अरेबियातलं किंग फहद पेट्रोलियम व खनिज विद्यापीठ? थेट ६७ वं. भारतातल्या प्रत्येक संस्थेच्या वर.

मुंबई विद्यापीठ सुरू झालं १८५७ मध्ये. हे सौदी विद्यापीठ सुरू झालं १९६३ मध्ये. मग शंभर वर्षांनी धाकट्या असलेल्या विद्यापीठाने एवढी मजल मारली कशी? सोशल मीडियावर याची दोन उत्तरं लगेच मिळतात: ‘तेलाचा पैसा’ किंवा ‘आपलं शिक्षणच बेकार’. दोन्ही अर्धवट आहेत. खरं उत्तर समजून घ्यायला हवं, कारण बारावीनंतर कुठे प्रवेश घ्यायचा, शिष्यवृत्ती मिळणार की नाही, इथपर्यंत या आकड्यांचा हात पोचतो.

क्यूएस नेमकं मोजतं काय?

क्यूएसच्या शंभर गुणांपैकी ३० गुण ‘शैक्षणिक लौकिका’चे असतात. जगभरच्या प्राध्यापकांना विचारलं जातं की तुमच्या विषयात चांगली विद्यापीठं कोणती. आणखी १५ गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला. म्हणजे ४५ गुण लोकांना काय वाटतं यावर ठरतात. दर प्राध्यापकामागे किती सायटेशन, म्हणजे त्यांच्या शोधनिबंधांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, याला २० गुण. विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाला १०. उरलेले गुण परदेशी विद्यार्थी, परदेशी प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय संशोधन, नोकऱ्या आणि पर्यावरण यांत वाटलेले.

आता हे गणित आपल्या तीन शहरांना लावून बघा. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या वर होती. इथली बहुतेक पदवी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. या विद्यापीठाचा पसारा मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांत आणि शेकडो कॉलेजांमध्ये आहे. पण विद्यापीठाच्या नावावर जमा होणारं संशोधन मुख्यतः त्याच्या स्वतःच्या विभागांचं असतं. बदलापूरहून विठ्ठलवाडीला उतरून बीकॉमच्या वर्गात बसणाऱ्या मुलीला शिकवायला कोण आहे, ते पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, यातलं काहीच ६६४ या आकड्यात दिसत नाही.

एक उदाहरण घ्या. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशांवर पाणी सोडावं लागलेल्या विद्यार्थ्यांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. शेवटी त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. निकाल वेळेवर लावणं हे विद्यापीठाचं अगदी मूलभूत काम, पण क्यूएसच्या तक्त्यात त्याला वेगळा रकाना नाही.

अरब विद्यापीठांची गोष्ट सुरू झाली वेबसाइटपासून

आता सौदीकडे वळू. २००४ मध्ये स्पेनच्या सरकारी संशोधन परिषदेच्या एका प्रयोगशाळेने ‘वेबोमेट्रिक्स’ नावाची क्रमवारी सुरू केली. तिची कल्पना वेगळी होती. विद्यापीठाची इमारत किंवा नाव बघायचं नाही. त्याने इंटरनेटवर सर्वांसाठी काय खुलं ठेवलंय ते मोजायचं. वेबसाइटवर किती पानं आहेत, किती पीडीएफ आणि सादरीकरणं आहेत, किती शोधनिबंध सापडतात आणि बाहेरच्या किती वेबसाइट तुमच्याकडे लिंक देतात, असे सुरुवातीचे निकष होते. सर्वात जास्त वजन बाहेरून येणाऱ्या लिंकना होतं. वेबसाइट दिसायला छान आहे का, याच्याशी या क्रमवारीला देणंघेणं नव्हतं. विद्यापीठांनी आपलं ज्ञान कपाटातून बाहेर काढावं, हा तिचा उद्देश होता.

या यादीत अरब विद्यापीठं सुरुवातीला पार तळाशी होती. २००६ च्या सुमारास सौदीतली नामांकित विद्यापीठंही शेवटच्या ओळींत असल्याची बातमी आली आणि तिथल्या वृत्तपत्रांत मोठा गदारोळ झाला. तिथे शिक्षण नव्हतं असं नाही. वेबसाइटवर काही नव्हतं, आणि जे होतं ते बरंचसं अरबी भाषेत, म्हणजे इंग्रजी जगाने लिंक द्यावी असं नव्हतं.

मग रियाधच्या किंग सौद विद्यापीठाने कंबर कसली. प्राध्यापकांना स्वतःची पानं दिली. व्याख्यानांच्या नोट्स, अभ्यासक्रम, शोधनिबंध असं सगळं ऑनलाइन चढवलं. तीन-चार वर्षांत हे विद्यापीठ वेबोमेट्रिक्समध्ये अरब जगात पहिलं आलं.

तीन-चार वर्षांत शिकवण्याचा दर्जा एवढा बदलतो का? नाही. पण रियाधच्या एखाद्या विद्यार्थ्याला घरी बसून सरांच्या नोट्स मिळायला लागल्या, हेही खोटं नाही. रँकिंगमागे धावताना एक चांगली गोष्ट घडून गेली. अर्थात, प्रत्येक वेळी असं होत नाही.

शॉर्टकट कसे निघाले?

२०१० मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक यादीत इजिप्तचं अलेक्झांड्रिया विद्यापीठ अचानक १४७ वं आलं. सायटेशनच्या रकान्यात तर ते जगात चौथं होतं. शोध घेतल्यावर कळलं की या गुणांचा मोठा भाग एकाच संशोधकाचा होता. तो ज्या नियतकालिकाचा संपादक होता, त्यातच त्याचे ढीगभर निबंध छापून आले होते आणि त्यात त्याने स्वतःचेच संदर्भ भरपूर दिले होते. एका माणसाने अख्खं विद्यापीठ वर ढकललं!

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकाने सौदीतल्या विद्यापीठांबद्दल बातमी दिली. युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या संशोधकांना अर्धवेळ करार दिले जात होते. वर्षातून थोडेच आठवडे यायचं, पण शोधनिबंधावर सौदी विद्यापीठाचं नाव घालायचं. संशोधन व्हायचं दुसरीकडे, गुण जमा व्हायचे इकडे.

हे प्रकरण तिथेच थांबलं नाही. २०२३ मध्ये स्पेनच्या ‘एल पाइस’ या वृत्तपत्राने दाखवून दिलं की सर्वाधिक संदर्भ दिल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांच्या जागतिक यादीत काही स्पॅनिश संशोधकांनी आपली मुख्य संस्था म्हणून सौदी विद्यापीठाचं नाव लावलं होतं. कोर्दोबा विद्यापीठाने आपल्या एका रसायनशास्त्रज्ञाला यावरून तब्बल १३ वर्षं बिनपगारी निलंबित केलं.

म्हणजे किंग फहद विद्यापीठाचा ६७ वा क्रमांक खोटा का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. हे विद्यापीठ आकाराने लहान आहे, तेलउद्योगाच्या शेजारी उभं आहे, त्याच्याकडे पैसा आहे आणि अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या विद्यापीठांत त्याचं नाव वर असतं. प्राध्यापक मोजके आणि निबंध भरपूर असले की ‘दर प्राध्यापकामागे सायटेशन’ आपोआप वाढतं. सात जिल्ह्यांचा गाडा ओढणारं मुंबई विद्यापीठ या मापात बसणं मुळातच अवघड आहे. दोन वेगळ्या प्रकारची कामं करणाऱ्या संस्था एकाच पट्टीने मोजल्या, की असं होतं.

आपलं घर किती स्वच्छ आहे?

सौदीला नावं ठेवण्याआधी इकडेही बघू. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपली स्वतःची एनआयआरएफ क्रमवारी जाहीर केली आणि २०१६ मध्ये पहिली यादी आली. जागतिक याद्यांत भारतीय संस्थांना न्याय मिळत नाही, ही तक्रार त्यामागे होती. २०२० मध्ये तर सात जुन्या आयआयटींनी पारदर्शकता नसल्याचं कारण देत टाइम्सच्या यादीवर बहिष्कार टाकला. नेदरलँड्सचं उट्रेख्त विद्यापीठही २०२३ मध्ये त्या यादीतून बाहेर पडलं.

पण एनआयआरएफमधली बरीचशी माहिती संस्था स्वतःच भरून देतात. मार्च २०२५ मध्ये हाच मुद्दा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेला आणि यादी जाहीर करायला अंतरिम स्थगिती मिळाली. पुढे स्थगिती उठली आणि सप्टेंबरमध्ये यादी आली. मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायची पद्धतही त्याच फेरीत सुरू झाली. निबंधांची संख्या फुगवण्याचा रोग आपल्याकडेही आहे, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची.

त्या यादीत पुणे विद्यापीठ ‘एकूण’ (ओव्हरऑल) गटात ३७ वरून ९१ वर घसरलं. त्याच वर्षी क्यूएसमध्ये मात्र ते वर चढलं होतं. एकच विद्यापीठ, तेच प्राध्यापक, तेच वर्ग. एका यादीत चढलं आणि दुसऱ्या यादीत पडलं. फोटोफ्रेम बदलण्याआधी एवढं एक लक्षात ठेवा.

मग हा आकडा आपल्या आयुष्यात येतो कुठे?

रँकिंगकडे दुर्लक्ष करा, असं म्हणणं सोपं आहे. पण सरकारी नियमांतच हे आकडे शिरले आहेत.

राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्या. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. अट अशी, की परदेशी विद्यापीठ क्यूएसच्या यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत हवं. ही मर्यादा आधी तीनशेची होती, पुढे दोनशेवर आणली गेली. म्हणजे अंबरनाथच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या विषयासाठी उत्तम विभाग शोधला, प्रवेशही मिळवला, पण ते विद्यापीठ २१० वं निघालं तर? दार बंद. विभाग किती चांगला आहे हे तिथे कुणी विचारत नाही. अर्ज करायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात आणि त्या वर्षीची यादी दोन्ही तपासा, कारण दोन्ही बदलतात.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. परदेशी विद्यापीठांना भारतात कॅम्पस उघडता यावा म्हणून यूजीसीने २०२३ मध्ये नियम केले. पात्रतेचा मुख्य निकष जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असणं. नवी मुंबईत विमानतळाच्या परिसरात ‘एज्युसिटी’ उभारायची योजना आहे आणि जून २०२५ मध्ये पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं दिली गेली. ‘जागतिक रँकिंगचं विद्यापीठ आता तुमच्या दारात’ अशी जाहिरात बदलापूरच्या चौकात लागली, तर नवल नाही. अशा वेळी विचारायचं: हा क्रमांक मूळ विद्यापीठाचा आहे ना? मग इथल्या कॅम्पसमध्ये शिकवणार कोण, आणि फी किती?

तिसरं उदाहरण उल्टं आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं उल्हासनगर आणि आखात यांचा संबंध जुना आहे. आजही इथल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी दुबईत असतं. तिकडे नोकरीला जाताना कागदपत्रांच्या रांगेत रँकिंग कुणी मागत नाही. पदवी मान्यताप्राप्त विद्यापीठाची आहे का, गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट नीट आहेत का, त्यांचं साक्षांकन झालं का, हे बघतात. तिथे ६६४ की ६७ याने फरक पडत नाही. आपल्या कॉलेजने आणि विद्यापीठाने नोंदी जपल्यात का, याने पडतो.

वालधुनीचं संशोधन कुठे दिसतं?

आता पुन्हा वेबसाइटच्या मुद्द्यावर येऊ, कारण किंग सौद विद्यापीठाच्या गोष्टीतला खरा धडा तिथे आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. तिची काय अवस्था आहे, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. नोव्हेंबर २०१४ मध्ये नदीत टँकरमधून रसायन सोडल्यामुळे उल्हासनगरात शेकडो लोकांना त्रास झाला, अनेकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

वालधुनीच्या पाण्याचे नमुने घेणं, हा आसपासच्या रसायनशास्त्राच्या किंवा पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांसाठी हाताशी असलेला प्रकल्प. तो करायचा, काळ्या पुठ्ठ्यात बांधून घ्यायचा, सही घ्यायची आणि विभागाच्या कपाटात ठेवायचा. पीएचडीचा प्रबंध असेल तर तो ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात जातो. पण पदवीचे प्रकल्प, स्थानिक इतिहासाची टिपणं, मराठीतले लेख? क्यूएस आणि टाइम्स दोघेही सायटेशन मोजताना स्कोपस या माहितीसंग्रहावर अवलंबून असतात आणि त्यात इंग्रजीचं राज्य आहे. अरबी भाषेतल्या संशोधनाचं जे झालं, तेच मराठीचं होतं. यादीत ते नाही म्हणून जगाच्या लेखी नाही, आणि वेबसाइटवर नाही म्हणून आपल्या शेजाऱ्याच्या लेखीही नाही.

हेच प्रकल्प कॉलेजने पीडीएफ करून तारखेसह चढवले तर क्यूएसचा एक गुणही वाढणार नाही. पण दहा वर्षांत पाणी कसं बदललं हे सांगणारी एक नोंद तयार होईल. रहिवासी संघ, पत्रकार, वकील कुणीही ती वापरू शकेल. याला म्हणायचं वेबवरचं अस्तित्व. वार्षिक संमेलनाचे सरकते फोटो आणि ‘लवकरच येत आहे’ लिहिलेलं पान हे त्याचं काम नव्हे.

प्रवेश घेण्याआधी वेबसाइटवर काय बघाल?

यूजीसीने २०२४ मध्ये संस्थांना आपली मूलभूत माहिती वेबसाइटवर खुली ठेवायला सांगितलं आहे. त्यामुळे ती बघणं हा तुमचा हक्क आहे. दहा मिनिटं काढा आणि हे तपासा:

शिक्षक: तुमच्या विषयाच्या प्राध्यापकांची नावं, पात्रता आणि नेमणुकीचा प्रकार दिलाय का? पूर्णवेळ किती, तासिका तत्त्वावर किती?

एनआयआरएफची माहिती: कॉलेज त्यात भाग घेत असेल तर भरून दिलेली माहिती वेबसाइटवर ठेवावी लागते. क्रमांक सोडा, आतले आकडे वाचा. किती विद्यार्थी ठरलेल्या वर्षांत पास झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती, किती पुढे शिकायला गेले. क्रमांकापेक्षा हे तक्ते जास्त बोलतात.

नॅक: श्रेणी कोणत्या वर्षाची आहे आणि तिची मुदत संपली आहे का? अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे वार्षिक अहवाल नियमित चढवलेत का?

अभ्यासक्रमाचं नाव: २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि त्यांना सीईटी लागली. काही ठिकाणी नाव बदलून तत्सम पदवी सुरू झाली. पदवीवर नेमकं काय छापलं जाणार, मान्यता कुणाची आहे, हे लेखी बघा.

फी: वर्गवार तक्ता आहे का, की ‘ऑफिसमध्ये चौकशी करा’?

यातलं काही सापडलं नाही तर प्राचार्यांना ईमेल करा. कॉलेज अनुदानित असेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक संस्थांनी बरीचशी माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायची असते.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा यादी येईल. मुंबई विद्यापीठ चढेल किंवा उतरेल, सौदीचं एखादं विद्यापीठ आणखी वर जाईल आणि त्यावर मीमही येतील. ते जरूर शेअर करा. पण प्रवेशाचा अर्ज भरणाऱ्या धाकट्या भावंडाला पाठवायचं असेल, तर यादीच्या स्क्रीनशॉटऐवजी त्याच्या कॉलेजच्या शिक्षकांच्या पानाची लिंक पाठवा. आणि ती लिंक उघडतच नसेल, तर आधी कॉलेजला विचारा की ती का उघडत नाही.